माझ्या नाकाने दिलेली साक्ष

मी बिडी सोडली, याबद्दल आमच्या ईट गावात सध्या तीन हकिगती फिरत आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली स्टँडवरच्या हॉटेलात चहाबरोबर मिळते: सुनेने सासऱ्याला नमवले. दुसरी माझ्या मुलाची आहे. ती सांगताना तो आवाज खाली आणतो, आणि तीत मी नातींच्या मायेने विरघळून बिडीचे बंडल चुलीत टाकतो. आमच्या घरात चूल नाही, गॅस आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही आठवत नाही. तिसरी हकिगत माझ्या पत्नीची, आणि ती सर्वांत आखूड आहे. "सोडली कुठं? गोठ्यामागं जाऊन बघा की."

मी या गावात हयातभर लोकांचे अर्ज लिहून दिले आहेत. रोहित्र जळाले, एसटी फाट्यावर थांबत नाही, शाळेचे पत्रे उडाले, काहीही झाले तरी साहेबांपुढे जाणारा कागद माझ्याच हातचा असे. पहिल्या परिच्छेदात राग, दुसऱ्यात वस्तुस्थिती आणि शेवटी विनंती, हा माझा क्रम. राग वर येऊन गेला आहे. आता वस्तुस्थिती सांगतो. विनंती नेमकी कुणाला करायची, हे मात्र लिहायला बसेपर्यंत ठरलेले नव्हते.

आमची खव्याची भट्टी आहे. आता ती मुलगा चालवतो. म्हणजे तो चालवतो आणि मी चुका दाखवतो. सकाळी गावातले लोक म्हशीचे दूध किटल्यांतून आणून घालतात. ते मोठ्या कढईत ओतायचे, खाली बाभळीच्या वाळल्या लाकडांचा जाळ करायचा आणि गोळा होईपर्यंत हलवत राहायचे. काम सोपे दिसते. पण दूध ही फार हलक्या कानाची वस्तू आहे; शेजारी जो वास असेल त्याच्यावर ती चटकन विश्वास ठेवते. लाकूड ओले असले की धूर होतो आणि तो धूर खव्यात जाऊन बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, जिभेला उशिरा कळतो. असा गोळा पेढेवाला परत पाठवतो आणि पुन्हा त्या भट्टीकडे फिरकत नाही.

हा धूर ओळखणारे नाक मला मिळाले होते. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, कारण दुसऱ्यांनी सांगितले की ते फुगवून सांगतात. उदाहरणार्थ, एकदा आमच्याकडे कढई हलवणाऱ्या गड्याने माझी पाठ वळताच बिडी ओढली आणि मी गोळा नाकाशी नेताच ते ओळखले. गाव सांगते, की मी बिडीचा छापसुद्धा सांगितला. हे खोटे आहे. मी फक्त "बिडी" एवढेच म्हणालो. छाप मला कळला होता, पण तो मी बोललो नाही, कारण तो माझाच छाप होता आणि गड्याने ती बिडी माझ्याच बंडलातून काढली होती.

गोळा नापास असला, तर मी तोंडाने काही बोलत नसे. उजवा हात पालथा करून त्याच्या मागच्या बाजूने गोळा पुढून दूर सारायचा, बस. त्या हालचालीविरुद्ध गावात दाद मागता येत नव्हती. लोक वाद घालत ते माझ्या इतर सर्व मतांशी.

भट्टीवर एक नियम मी घातला होता आणि तो स्वतःलाही लावला होता: कढईपाशी बिडी नाही. शेड चारी बाजूंनी उघडे, वारा आरपार, तरीही नाही. मला तलफ आली की मी शेडमधून उठे, अंगण ओलांडे आणि घराच्या ओसरीत येऊन बसे. माझी शिस्त बघायला लोकांनी यावे, अशी माझी अपेक्षा असे. एवढा मालक माणूस, पण खव्याला वास लागू नये म्हणून उन्हातून घरापर्यंत चालत जातो. मला स्वतःचेच कौतुक वाटे. कौतुक करता करता एका बिडीच्या दोन होत.

याच ओसरीत पुढे माझ्या थोरल्या नातीची झोळी आली. पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला नऊवारीची झोळी बांधलेली, तिला दोरी. आतल्या खोलीत उकडते, ओसरीत वारा लागतो, म्हणून झोळी तिथे. बायका कामात, मुलगा भट्टीवर; दोरी ओढायला रिकामा माणूस मीच. उजव्या हातात दोरी, डाव्या हातात बिडी. मी त्या मुलीला जेवढे झोके दिले तेवढे तिच्या सख्ख्या बापाने दिले नसतील, हे मी आजही कुणापुढेही सांगायला तयार आहे. सांगितले, की घरात सगळे डाव्या हाताचा विषय काढतात.

त्या काळात सून एकदोनदा म्हणाली होती, "मामा, जरा बाहेर बसून वढा की." मी म्हणालो होतो, "ही ओसरी म्हंजे बाहेरच हाय." कायद्याने पाहिले तर ओसरी बाहेरच धरतात, असे माझे मत होते. कोणत्या कायद्याने, ते तिने विचारले नाही. मी कृतज्ञ होतो.

नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि भट्टीवर माझ्या मांडीजवळ बसू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आली ती गोष्ट आता मला रोज ऐकवली जाते, म्हणून मीच लिहून टाकतो. तिच्या हातात काहीही द्या, ती ते थेट नाकाशी नेई. खव्याचा तुकडा, पेरूची फोड, चित्रांचे पुस्तक, माझे घड्याळ. डोके किंचित वाकडे करून, एक डोळा बारीक करून, वस्तू अगदी चेहऱ्याला लावून थांबे. मी ते पाहिले आणि माझा ऊर भरून आला. माझे नाक मुलाने घेतले नव्हते. त्याला ओल्या लाकडाचा खवा आणि वाळल्या लाकडाचा खवा यांतला फरक अजून कळत नाही. ते एक पिढी ओलांडून नातीत उतरले होते.

मी हे सर्वांना सांगितले. दूध घालायला येणाऱ्यांना सांगितले, पेढेवाल्याला सांगितले, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितले. चार माणसे जमली की मी तिच्या हातात खव्याचा तुकडा देई. ती तो नाकाशी नेई. मी विचारी, "कसाय?" ती म्हणे, "चांगलाय." खवा माझ्याच भट्टीचा असल्यामुळे तो चांगलाच असे आणि तिचे उत्तर दर वेळी बरोबर येई. पत्नी एकदा म्हणाली, "आवं, ती पुस्तक बी हुंगती. पुस्तकाला कसला वास बघती?" मी तिला समजावले, की शाईचा.

ती दुसरीत गेली तेव्हा शाळेत डोळे तपासायला लोक आले. एक डोळा झाकून समोरची अक्षरे वाचायची होती. उजवा झाकला तेव्हा ती म्हणाली, "आता काय दिसंना." बाईंनी दोनदा विचारले. ती दोनदा तेच म्हणाली, आणि फळ्याकडे चालत जाऊन तिने त्याला नाक लावले.

धाराशिवच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही चौघे गेलो: मुलगा, सून, नात आणि मी. मला कुणी बोलावले नव्हते. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी तिच्या डोळ्यांत औषध घातले, बराच वेळ उजेड टाकून पाहिले आणि सांगितले, की दोन्ही डोळ्यांना नंबर आहे, पण डाव्याला फार मोठा. एवढी वर्षे चष्मा नसल्यामुळे त्या डोळ्याने पाहण्याचे काम शिकलेच नाही, सगळे काम उजव्यावर टाकले. आता चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावे लागेल. वय अजून हातात आहे; पण पट्टी चुकवायची नाही.

मग त्यांनी विचारले, "घरात कोण ओढतं का?"

माझ्या मुलाने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले. सुनेने चपलेकडे पाहिले. नात म्हणाली, "आबा."

मी लगेच बाजू मांडली. पहिली गोष्ट, मी स्वतः भट्टीच्या धुरात वाढलो आणि माझी नजर खणखणीत आहे. दुसरी, नंबर घराण्यातून येतो आणि सुनेच्या वडिलांचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड आहे. तिसरी, आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी देण्याची रीत आहे. म्हणजे धूर लेकराला हितकारक आहे हे वाडवडिलांनी ठरवलेले, आणि ती धुरी माझ्या पत्नीने स्वतः दिली. पत्नी तिथे नव्हती, म्हणून हा मुद्दा मी जरा जोरात मांडला.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "आजोबा, एका मुलीकडं बघून हे कशानं झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. घराण्यातूनही येतं. पण पहिल्या काही वर्षांत मुलांचा डोळा वाढत असतो, आणि त्या वाढीला धुराचा त्रास होत असावा असं आता दिसायला लागलंय. शिवाय छाती, कान हे वेगळंच. घरात धूर नको. धुरीपण नको."

या उत्तरातून मी दोन गोष्टी उचलल्या. एक, मी निर्दोष सुटलो. दोन, पत्नीही आरोपी आहे. मी डॉक्टरांना म्हणालो, "बिडीनं झालं न्हाय, एवढं लिहून द्या." ते हसले आणि म्हणाले, "बिडीनं झालं असंही लिहून देत नाही, चालेल?" मला ते चालले. बाकीच्या वाक्यांचा मी विचार केला नाही. अर्ज लिहिणाऱ्याला आपल्या सोयीचे वाक्य कुठे आहे हे पटकन सापडते.

स्टँडवर आलो तेव्हा मी अजून माझ्या खणखणीत नजरेबद्दलच बोलत होतो. आमच्या वाटेची भूमची गाडी समोर लागलेली दिसली. मी सर्वांत पुढे चढलो, खिडकीची जागा धरली आणि तिघांना हाक मारली. खालून मुलगा म्हणाला, "दादा, उतरा. कळंबची हाय." पाटीवर धूळ होती. हे मी तेव्हाही सांगितले, आजही सांगतो. गाडीतल्या इतर सर्व माणसांना ती वाचता आली होती, याने धूळ नव्हती असे सिद्ध होत नाही. सुनेने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पदर तोंडाला लावून हसून घेतले, आणि नातीने विचारले, "आबा, तुमालाबी पट्टी लावायची का?"

पट्टी लावायचे काम सोपे नव्हते. चांगला डोळा झाकला की मुलगी आंधळ्यासारखी चाचपडे, रडे, पट्टी ओढून काढी. सून तिला समोर बसवून डाळीतले खडे निवडायला लावी. त्या खोलीत तेव्हा मला प्रवेश नव्हता. मी ओसरीत बसून आतला आवाज ऐकत असे. "आई, दिसंना." "दिसंल. बघ नीट." मी बिडी पेटवत असे. दुसरे करण्यासारखे काय होते?

पुढे सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि ती बाळंतपणाला कळंबला माहेरी गेली; शाळा बुडू नये म्हणून थोरली आमच्याकडेच राहिली. मुलगी झाली. मी आनंदाने पेढे वाटले, आणि खवा कुणाचा हे प्रत्येकाला सांगितले. महिने झाले, सून येण्याचे नाव काढीना. मुलगा दर वेळी जाऊन एकटाच परत येई आणि माझ्याकडे न बघता भट्टीत लाकडे सारी. शेवटी मीच साडी-चोळी घेऊन, मुलगा आणि नात यांना बरोबर घेऊन, कळंबला गेलो. या वेळी गाडीची पाटी नातीने वाचली. चष्म्यातून, दुरून, मोठ्याने, माझ्याकडे बघत.

व्याह्यांनी चहा दिला. सून बाळ घेऊन बाहेर आली, नमस्कार केला, पण बाळ माझ्या मांडीवर दिले नाही. थोरलीच्या वेळी पहिल्यांदा माझ्याच मांडीवर दिले होते. मी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"मामा," ती म्हणाली, "यायला म्या कधीबी तयार हाय. पण ह्या लेकराला त्या धुरात न्हाय आणायची."

मी तडजोड तयार करूनच गेलो होतो. म्हणालो, "झोळी आतल्या खोलीत बांधा. मी ओसरीत बसंन. मधी भित हाय, दार हाय. धूर बाहीर जातो. दोघांचं बी भागलं."

"मामा, भट्टीचं शेड तर चारी बाजूनं उघडं हाय. तिथं का न्हाय वढत मग?"

"तिथं खवा आसतो."

"व्हय," ती म्हणाली. "आन् घरात लेकरू आसतं."

यावर मी निरुत्तर झालो, असे माझा मुलगा सांगतो. मला ठसका लागला होता. ठसका लागलेल्या माणसाला बोलता येत नाही, यात हारजीत कसली? ठसका थांबल्यावर मी व्याह्यांच्या चष्म्याचा विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, आमचा चष्मा चाळिशीनंतरचा हाय. लहानपणी म्या झाडावरच्या चिमण्या मोजायचो." माझा घराण्याचा मुद्दा तिथे, त्यांच्याच चहाच्या कपाशेजारी, संपला.

मग सुनेने खव्याच्या परीक्षेची गोष्ट काढली. तिने ती आधीच ठरवून ठेवली होती की तेव्हा सुचली, हे मला आजवर कळलेले नाही. ती म्हणाली, "तुमी म्हणता धूर आत येत न्हाय. मंग झोळी जिथं बांधायची तिथं ताजा खवा ठिवा, उघडा. तुमी ओसरीत रोजच्यासारखं बसा. संध्याकाळी तुमीच वास घ्या. दुसऱ्या कुणी न्हाय, तुमीच. तुमी म्हणाल ते मला मान्य. तुमी म्हणला वास न्हाय, तर म्या दुसऱ्या दिवशी घरी."

एवढी मोठी चूक कोणताही वकील करणार नाही, असे मला वाटले. आरोपीलाच न्यायाधीश केले होते. मी तत्काळ होकार दिला आणि परतीच्या वाटेवर मुलाला सांगितले, "पोर भोळी हाय तुझी बायकू." तो खिडकीबाहेर बघू लागला. मला तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

ठरलेल्या सकाळी कढईतून ताजा खवा उतरला. मुलाने त्याचे दोन गोळे केले. एक झाकणाच्या डब्यात बंद करून भट्टीवर ठेवला, दुसरा ताटलीत, वर जाळी झाकून, आतल्या खोलीत खिडकीखाली. मी ओसरीत बसलो. रोजच्यासारखे बसायचे ठरले होते आणि मी रोजच्यासारखाच बसलो, असे मी म्हणतो. पत्नीचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या मते मी त्या दिवशी ओसरीच्या पार कडेला, पाय अंगणात सोडून, तोंड रस्त्याकडे करून बसलो होतो आणि प्रत्येक झुरक्यानंतर वर्तमानपत्राने वारा घालत होतो. उकाडा होता.

"आवं, रोज आसं बसता व्हय?" ती दारातून म्हणाली.

"पेपर वाचतोय."

"हालवून वाचत्यात व्हय पेपर?"

उन्हे कलली तशी मुलाने सगळे मांडले. ओसरीत सतरंजी, समोर दोन सारख्या ताटल्या, त्यांत दोन सारखे गोळे. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, आणि त्यात कळंबहून सून, तिच्या खांद्यावर बाळाचे डोके. बाळ झोपलेले होते. मला फक्त तिची मान आणि एक कान दिसत होता. नातीने माझ्या डोळ्यांवर माझ्याच उपरण्याचा पदर बांधला. तिच्या स्वतःच्या चांगल्या डोळ्यावर त्या वेळी पट्टी होती. माझे दोन आणि तिचा एक, असे तीन डोळे बंद होते आणि सगळा कारभार आळशी डोळ्याच्या हाती होता.

मी मनाशी काय ठरवले होते, ते सांगतो. मी ठरवले होते, की दोन्ही गोळ्यांना चांगले म्हणायचे. यात खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. धूर आत येतच नाही अशी माझी खात्री होती, त्यामुळे दोन्ही चांगलेच असणार; मी फक्त वास घेण्यापूर्वी निकाल तयार ठेवला होता. अर्जावर शिक्का आधी मारून मजकूर नंतर लिहिण्याची सोय पुष्कळ कचेऱ्यांत असते, असे लोक म्हणतात.

नातीने पहिली ताटली नाकाशी आणली. खवा. गोड, जरा भाजका, म्हशीच्या दुधाचा जड वास, आणि त्याच्यामागे दुसरे काहीही नाही. मी मान हलवली. तिने दुसरी ताटली आणली.

त्यानंतर जे घडले, त्याची जबाबदारी मी माझ्या हातावर टाकतो. मी अजून श्वास पुरता सोडलाही नव्हता. तोंडात "चांगलाय" हा शब्द तयार होता. पण उजवा हात आपोआप उठला, पालथा झाला आणि त्याच्या मागच्या बाजूने ती ताटली पुढून दूर सारली गेली. आयुष्यभर केलेली हालचाल ती. तिने मला विचारले नाही. त्या गोळ्यात माझी ओसरी होती. शिळ्या बिडीचा, ओल्या पालापाचोळ्यासारखा, थंड झालेला वास. आणि तो वर वर लागलेला नव्हता, आत बसला होता. आमचा काय, कुठलाच पेढेवाला तो गोळा दारात उभा करणार नाही.

 सर्वांना ती हालचाल ठाऊक होती. मी उपरणे सोडले. अजून वेळ होती. हात चुकून लागला, माशी होती, असे काहीही म्हणता आले असते. म्हणायला तोंड उघडलेही. तेवढ्यात पत्नी म्हणाली, "चांगलाय म्हणा की. तुमचंच ऐकायचं ठरलंय."

आणि मला एकदम दिसले, की मी हा गोळा चांगला आहे असे म्हणालो, तर उद्या गावात काय सांगितले जाईल. म्हाताऱ्याचे नाक गेले. नजर गेली हे मी धुळीवर ढकलले होते. नाक कशावर ढकलणार? मी म्हणालो, "ह्यो नापास हाय."

मोबाइलमधून सून म्हणाली, "मामा, किती येतोय वास?"

"लई," मी म्हणालो. "हा म्या घेतला नसता."

 तिने जिंकल्यासारखे केले नाही. तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि तेवढ्यात मला बाळाचा चेहरा दिसला, झोपेत ओठ हलवणारा. मग फोन घसरून तांब्यामागे पडला.

तेव्हा वस्तुस्थिती ही अशी आहे. सुनेने मला नमवले नाही; मला माझ्या हाताने नमवले. नातींच्या मायेने मी विरघळलो नाही. माया तर झोळीची दोरी ओढत होतो तेव्हाही होतीच आणि तिने डाव्या हाताला काही सांगितले नव्हते. मी बिडी सोडली ती एका खव्याच्या गोळ्याबद्दल खोटी साक्ष देता आली नाही म्हणून. गोठ्यामागचे म्हणाल, तर तिथे मी दोनदा गेलो होतो, म्हशीकडे बघायला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पत्नी तिथे आधीच म्हशीकडे बघत उभी होती. त्यानंतर गेलो नाही. सोडणे किती वाईट गेले, ते लिहीत नाही. घरातली माणसे ते सविस्तर सांगतात, त्यात माझ्या ओरडण्याची नक्कलही असते, आणि नक्कल चांगली नाही.

सून लगेच आली नाही. ती म्हणाली, घर धुऊन निघू दे. मुलाने ओसरीच्या भिंतींना चुना दिला. चुना देण्याआधी त्या जागी, जिथे मी टेकून बसत असे, तिथे माझ्या डोक्याच्या उंचीवर एक पिवळा गोल निघाला. तो खोबरेल तेलाचा होता, असे माझे मत आहे. झोळी बांधायच्या पाइपावरून ओले फडके फिरवले तेव्हा फडके तपकिरी झाले. ते खोबरेल तेलाचे नव्हते.

ती आली त्या दिवशी मी सकाळपासून तयार होतो. आंघोळ केली, धुतलेले धोतर, पेटीतले उपरणे. रिक्षा दाराशी थांबली. सून उतरली, भाकरतुकडा ओवाळून झाला, आणि ती बाळाला घेऊन ओसरीत आली. मी हात पुढे केले. सून थांबली. मला नाही म्हणणे तिला जड जात होते, हे मला दिसले. आणि हो म्हणणेही जड जात होते, हेही दिसले.

तेवढ्यात थोरली नात आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. चष्मा लावलेला, पट्टीची वेळ संपलेली, दोन्ही डोळे उघडे. हल्ली तिला काही दिसायला जवळ न्यावे लागत नाही. आळशी डोळा पूर्ण कामाला लागलेला नाही, पण डॉक्टर म्हणतात, लागतो आहे. तेव्हा तिने पुढे जे केले ते पाहण्यासाठी नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो. तिने माझे उपरणे दोन्ही हातांत धरले, डोके वाकडे केले आणि ते नाकाशी नेले. बराच वेळ थांबली. मग उजवा हात पालथा केला आणि त्याच्या मागच्या बाजूने मला हळूच बाजूला सारले.

"नापास," ती आईला म्हणाली. "आजून येतोय."

सून बाळ घेऊन आत गेली. पत्नी हसत होती, ती अजून हसते आहे.

मी दुसरी आंघोळ केली. उपरणे बदलले. पेटीसुद्धा उन्हात ठेवली, कारण वास पेटीत असणार, हे माझ्या लक्षात आले. संध्याकाळी पुन्हा हजर झालो. तिने पुन्हा वास घेतला, पुन्हा विचार केला आणि या वेळी बाळ माझ्या मांडीवर आले. वजनाने थोरलीपेक्षा हलके, डोळे मिटलेले. मी दोन्ही हातांनी धरले होते, याची नोंद व्हावी.

तो पहिला निकाल मात्र मला मान्य नाही. सकाळी उपरण्याला जो वास होता तो बिडीचा नव्हता, भट्टीतल्या लाकडाचा होता. या दोहोंतला फरक बारीक आहे आणि आठ वर्षांच्या मुलीला तो कळला नाही, याबद्दल मी तिला दोष देत नाही. नाक चांगले आहे, शिकवले पाहिजे. तेव्हा विनंती अशी, की तिने रोज शाळेतून आल्यावर थोडा वेळ भट्टीवर माझ्याजवळ येऊन बसावे. तिने अर्ज स्वीकारला आहे. तिची एकच अट आहे: बसण्यापूर्वी ती माझा वास घेणार.